खुराड्यातल्या चिंध्या

लोनकिमाय, ११ जुलै १९८७

चिरंजीव नोल्बेर्तो,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि लोकरी मोजे पोचले. इकडे सगळं ठीक असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा; बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलंय, सकाळी बादलीतलं पाणी कुऱ्हाडीनं फोडावं लागतं. तुझ्या खाणीकडे ऊन तरी आहे.

आता कामाचं. तुझ्या बायकोला, त्या मारीसेलला, तुझ्याकडे बोलावून घे. का म्हणशील, तर आपल्या नऊ कोंबड्या तिच्या डोळ्यांत खुपतायत. निळी अंडी देणाऱ्या, बिनशेपटीच्या, तुझ्या बाबांनी जिवापाड सांभाळलेल्या. त्या मेल्या की म्हातारी गाव सोडायला तयार होईल आणि ही तुझ्याकडे यायला मोकळी. मी काही दुधखुळी नाही. तिला यायचंच असेल तर खुशाल येऊ दे, पण माझ्या कोंबड्या मारून नको.

मी रोज संध्याकाळी फळ्यांमधल्या फटी चिंध्यांनी गच्च बुजवते. तुरे थंडीनं गोठू नयेत म्हणून त्यांना डुकराची चरबी चोळते. शेगडी अंगणात पेटवते, धूर पार जाऊन निखारे लाल झाले की मगच खुराड्यात ठेवते, इथे सगळे घरात ठेवतात तशीच. आणि सकाळी बघावं तर वरच्या फटीतल्या चिंध्या उपसलेल्या, शेगडी बाहेर बर्फात. एकदा नाही, सलग बारा दिवस. बर्फात पावलं मारीसेलची, मला ओळखू येतात.

परवा विचारलंच. "काय गं, मी झोपले की चिंध्यांना पाय फुटतात का?"

बाईसाहेब येर्बाच्या पाल्याचा काढा घेत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाली, "आत फार कोंदतं, आई. फळ्यांना पाणी सुटतं. तुरे ओले झाले की उलट जास्त गारठतात."

"चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्यात मी. आता तू शिकव मला."

"बरं," म्हणाली. बस, एवढंच. जी बाई भांडत नाही तिच्या पोटात काय आहे ते कळायचं कसं?

उद्या ती दोन दिवस मावशीकडे जातेय. टपाल नेणारा ट्रकवाला अजून खालून वर आलेला नाही, तोवर पत्र ठेवते.

१४ जुलै

ती गेली आणि काल सकाळी चार कोंबड्या मेलेल्या.

पहिलं मनात आलं ते विष. जाता जाता घालून गेली. दाणे हुंगले, पाणी ओतून दिलं. हिला पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाही, असं तुला लिहायलाही बसले. तो कागद जाळला.

थंडीनं मेलेल्या कोंबडीचा तुरा काळानिळा पडतो, तुलाही ठाऊक आहे. यांचे लालबुंद होते, जिवंतपणी नव्हते एवढे. खुराड्यात कुणी शिरलं नव्हतं. चिंध्या मी कोंबल्या तशाच होत्या आणि शेगडी आतच होती.

असा लाल रंग मी आधी एकदा पाहिलाय, नोल्बेर्तो. तुझ्या बाबांच्या गालांवर.

हृदय बंद पडलं असं मी तुला कळवलं होतं. त्या दिवशी त्यांना खोकला फार होता. म्हणून मी त्यांच्या खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, शेगडी पलंगाशी ठेवली आणि स्वतः चुलीपाशी जाऊन झोपले. सकाळी हाक मारली तर उठले नाहीत. लोक यायच्या आत मी चिंध्या काढून चुलीत घातल्या. म्हणजे कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांनी हवा विषारी झाली, हे मला कळलं होतं. न कळल्याचं सोंग आधी तुझ्यापुढे केलं, मग स्वतःपुढे.

आणि यंदा तीच शेगडी खुराड्यात ठेवत होते. काळजीनं, असं मीच मला सांगत होते. खरं सांगू? शेगडी रात्रभर आत असूनही सकाळी त्या नऊच्या नऊ जिवंत बाहेर पडल्या असत्या, तर माझ्या हातून काही झालं नाही असं म्हणता आलं असतं. मारीसेल ते होऊ देत नव्हती. म्हणून ती मला घरात नको होती.

काल संध्याकाळी ती परतली. मेलेल्या कोंबड्या पाहिल्या, खुराड्याची वरची फळी उचकटून काढली.

मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मामंजी गेले त्या सकाळपासून. चुलीत चिंधी अर्धीच जळली होती."

"मग नवऱ्याला का नाही सांगितलंस?"

"ते तुम्ही सांगायचं होतं, आई. मी वाट बघत होते." आणि उरलेल्या पाच जणींसाठी गरम पाण्यात कोंडा भिजवायला गेली.

पहिल्या पानावर तिच्याबद्दल लिहिलंय ते खोडलेलं नाही. तुझी आई काय काय लिहू शकते ते तुला दिसू दे. तिला बोलावणं न बोलावणं आता तुम्ही दोघं ठरवा, मी मध्ये पडणार नाही. उत्तर तिच्या नावानं पाठव. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेवढंच लिही, ती मला स्पष्ट सांगेल. तिला खोटं बोलता येत नाही.

तुझ्या बाबांची बायको, आणि तू म्हणशील तर अजून तुझी आई,
एर्सिलिया