नवसाचा गळा

१२ सप्टेंबर १९७७

रोमला सुखरूप पोचले. गाडी दोन तास उशिरा आली, पण खिडकीची जागा होती. समोरच्या बाईने रेज्जोपासून नेपल्सपर्यंत सुनेची उणीदुणी काढली, त्यामुळे प्रवास कंटाळवाणा झाला नाही. ही वही स्टेशनवरच घेतली. चोपन्नाव्या वर्षी रोजनिशी लिहायला बसणारी लगाना घराण्यातली मी पहिलीच असेन.

खोली चौथ्या मजल्यावर आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऊन भरपूर. जिथे काम मिळालंय तो कारखाना मला बघताक्षणी आवडला. कत्तलखान्यामागे एक लांबलचक शेड आहे, दारात दोरीवर रबरी हात वाळत घातलेले, फळीवर मुंडकी ओळीने मांडलेली. मालक ओरेस्ते बांदिनी साठीचा आहे, पोट सुटलेला, डोळ्यांखाली पिशव्या. भयपटांतल्या जखमा तो बनवतो. मला काय काय येतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हात, पाय, डोळे, गळे, काळीज, सगळं मेणाचं आणि आतून पोकळ. आमच्या दुकानातून तीन पिढ्या नवसाचे अवयव जात होते. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा धड पाय संत कोझ्मा आणि दमियानोपुढे टांगायचा. आता आमच्या चर्चला मेण चालत नाही, तिथे विजेच्या मेणबत्त्या आल्यात. नाणं टाकलं की दिवा लागतो. नवराही गेला, दुकानही गेलं.

ओरेस्ते म्हणाला, म्हणजे तुम्ही धड करायच्या आणि मी तोडायचो. चला, जोडी जमली. माझं नाव फोर्तुनाता, पण तो मला दोन्ना फोर्तुना म्हणतो. बऱ्याच दिवसांनी हसले.

२० सप्टेंबर

पहिलं काम दुइलियोचा हात. दुइलियो शूटिंगला दिवे लावणारा माणूस आहे. चित्रपटात ज्याचा हात तुटतो त्या नटाला प्लास्टरचा कंटाळा, म्हणून याने आपला हात दिला, वर बाटलीभर दारू मागून घेतली. साचा काढला, मेण ओतलं, रबराची कातडी चढवली. नखांखालचा मळसुद्धा उतरला. शेवटी सवयीने आतल्या बाजूला सुईने नाव कोरलं, दुइलियो. ओरेस्तेने पाहिलं आणि विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, कुणाचा हात ते संताला कळायला नको का? आमच्याकडे नावाशिवाय अवयव दुकानाबाहेर जात नसे. बाबा म्हणायचे, मेण काही करत नाही, बघणारे करतात. शंभर माणसं त्यापुढे कळवळली की वर ऐकू जातं.

ओरेस्ते म्हणाला, आमच्या प्रेक्षकांचं वर ऐकू गेलं तर पंचाईतच आहे.

४ ऑक्टोबर

काल हात तोडला. सुरा खराच होता. आत ओरेस्तेने बैलाची शीर आणि साखरेच्या पाकातलं रक्त भरलं होतं. आज सगळ्यांना ती फिल्म दाखवली. वीसेक माणसं होतो. सुरा पडला तसा सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज आला, आणि प्रत्येकाने आपलं मनगट धरलं. दिवे लागताच दिग्दर्शक वाल्मारिन उठला. पांढऱ्या केसांचा किडकिडीत माणूस, बोलणं हळू. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, बाई, ही कला आहे. मला घरी येईपर्यंत ते वाक्य पुरलं. बाबांनी चाळीस वर्षांत मला फक्त ‘बरं आहे’ म्हटलं होतं.

जेवताना ओरेस्तेचं तेच पुराण. म्हणे, कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये संत बार्तोलोमेओ स्वतःचं सोललेलं कातडं हातावर घेऊन उभा आहे, त्याला फुलं वाहतात. मी तेच केलं तर पोलीस पाठवतात. तो कलाकार आणि मी खाटीक, का तर त्याचे पैसे बिशपने दिले. मी म्हटलं, आमच्या दुकानात कला की खाटीककाम असं कुणी विचारत नसे. गुण आला का, एवढंच विचारत.

१३ ऑक्टोबर

दुइलियोच्या मनगटाभोवती लाल वळं उठलंय. प्लास्टरने आग झाली असेल. त्याला लोण्याचा लेप सांगितला.

आज नीवेसचं मुंडकं. ही नटी त्रिएस्तेची, पंचविशीची. चित्रपटात शेवटी हिचा गळा चिरायचा आहे. नाकात दोन नळ्या घालून पाऊण तास प्लास्टरखाली पडली. घाबरली होती, माझा हात सोडला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, मावशी, मेल्यावर असंच वाटत असेल तर मी मरणार नाही, सांगून ठेवते. मला मूल नाही. तिचे केस धुऊन देताना उगाच भरून आलं. तिच्या मुंडक्यावर मी तीन आठवडे घालवणार आहे. पापण्यांचे केस एकेक करून लावायचे. आत नाव कोरून ठेवलं.

५ नोव्हेंबर

गळा झाला. नीवेस खुर्चीत बसून भाजलेल्या चेस्टनट खात स्वतःचा खून बघत होती. टाळ्या वाजवल्या. मी मात्र थकले. खांदे उतरल्यासारखे वाटतात, झोप झाली तरी शीण जात नाही. काम चांगलं झालं, याचा आनंद आहे. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही.

१९ डिसेंबर

आज सरकारी सेन्सॉर मंडळापुढे गेले. दृश्य कापायचं म्हणत होते. वाल्मारिनने मला साक्षीला नेलं, काळा झगा घालायला लावला. सात माणसं होती. नुकताच त्यांनी चित्रपट पाहिला होता आणि दोघांनी अजून पाण्याचे पेले हातात धरले होते. अध्यक्ष म्हणाले, हा खाटीकखाना आहे, याला कला म्हणणं म्हणजे कलेचा अपमान. वाल्मारिनने मोठमोठे शब्द वापरले. कुणी ऐकत नव्हतं. मग मला राहवलं नाही.

मी म्हटलं, “साहेब, संत आगाता तबकात स्वतःचे कापलेले स्तन घेऊन उभी असते. तिच्यापुढे तुमच्या आईने तुम्हाला कडेवर घेऊन नेलं असेल. तिथे कुणी तुमचे डोळे झाकले नाहीत. दुसऱ्याचं दुखणं खरं दिसलं तरच माणूस कळवळतो. ते दाखवणं हेच माझ्या घराण्याचं काम. खोटी दिसणारी जखम हे पाप, खरी दिसणारी नव्हे.”

त्या सातांत तोंडाला रुमाल लावून बसलेली एक मुख्याध्यापिका होती, तिने रुमाल खाली घेतला. एकही कात्री न लावता मंजूर. अठरा वर्षांखालच्यांना बंदी, एवढंच. जिन्यात ओरेस्तेने मला मिठी मारली. मी कलाकार आहे, असं मंजुरीच्या कागदावर लिहिलंय.

२३ डिसेंबर

नीवेस नाताळचा पाव घेऊन आली. गळ्यात स्कार्फ. ऊब आली तसा सोडला. गळ्यावर लाल रेघ आहे, दोऱ्याएवढी, एका कानाखालून दुसऱ्या कानापर्यंत. म्हणते, परवापासून आहे, साखळी घासली असेल. ती साखळी घालत नाही. रेघ डावीकडे जरा वर चढते. चढणारच, सुरीची रेघ मी मुंडक्यावर तशीच आखली होती.

तिचा स्कार्फ मी परत नीट बांधून दिला.

९ जानेवारी

दुइलियोचा हात गेला.

चार तारखेला थिएटरवाल्यांसाठी खेळ ठेवला होता, दीडशे माणसं. पाच तारखेला त्याची बोटं काळी पडली. आज सकाळी मनगटापासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, असं कधी पाहिलं नाही, आम्ही कापायच्या आधीच हाड तुटलेलं होतं. धारदार शस्त्राने तुटावं तसं.

वीस माणसांनी पाहिलं तेव्हा वळं. दीडशेंनी पाहिलं तेव्हा हात.

ओरेस्तेला सांगितलं. हसला, आणि खिशातली किल्ली घट्ट धरली. अरिष्ट टळावं म्हणून आपल्याकडे लोखंडाला हात लावतात, म्हणजे त्यालाही पटलंय.

वीस तारखेला चित्रपट लागतोय. चाळीस थिएटरांत.

११ जानेवारी

वाल्मारिनकडे गेले. गळा कापून टाका म्हटलं, म्हणजे दृश्य. पाया पडायची बाकी राहिले. त्याने मला बसवलं, पाणी दिलं. शांतपणे म्हणाला, “बाई, तुम्हीच तर त्यांना पटवलंत. आता मी कसा कापू?” प्रती निघाल्यात, रवाना झाल्यात.

नीवेसला फोन केला. आवाज घोगरा. थिएटरवाल्यांच्या खेळानंतर गिळताना दुखतंय म्हणे. सर्दी असेल, मावशी. मी हो म्हटलं. याहून मोठं खोटं मी कधी बोलले नसेन.

तिने तेवढा एकदाच माझा हात धरला होता. माझ्यावर विश्वास ठेवून.

१४ जानेवारी

मुंडकं सापडलं. ओरेस्तेच्या माळ्यावर, फडक्यात. नाव तसंच आत आहे.

नुसतं खोडून चालत नाही. चेहरा तिचाच, परत तिच्याकडेच जाईल. वितळवूनही उपयोग नाही, बाबा सांगायचे. अवयवाचं भोगणं दुसरीकडे जातं ते दुसऱ्याचं नाव घातलं तरच. आया यायच्या आमच्याकडे. लेकराचा पाय करून घ्यायच्या आणि दुखणं आपल्याकडे यावं म्हणून आत आपलं नाव घालायला सांगायच्या. बाबा दोनदा विचारायचे, नक्की ना? मग काही न बोलता कोरायचे.

मला विचारणारं कुणी नाही. मीच मला दोनदा विचारलं.

नीवेस खरडलं. फोर्तुनाता कोरलं. अक्षर चांगलं आलं. लावलेल्या पापण्या अजून तशाच आहेत. काय सुरेख काम झालंय.

१६ जानेवारी

नीवेसचा फोन. आवाज मोकळा. रेघ फिकी पडली म्हणते. नवीन चित्रपट मिळालाय, विनोदी. खूप बोलली.

माझ्या गळ्याला खाज सुटते. आरशात—बघितलं नाही.

१८ जानेवारी

बघितलं. डावीकडे जरा वर.

खूप दमलेय. भीती वाटतेच, पण तिच्याहून शीण जास्त.

एकच आशा आहे. लोक हसले पाहिजेत. जखम खोटी वाटली, कुणी कळवळलं नाही, तर काही होणार नाही. अध्यक्षांचं म्हणणं खरं ठरावं. खाटीककाम, दुसरं काही नाही.

२० जानेवारी, चारचा खेळ

घरी बसवेना. तिकीट काढून आले. आज संत सेबास्तियानचा दिवस, येताना चर्चमध्ये त्याच्या अंगातले बाण मोजले. सात. एकही नीट घुसल्यासारखा वाटत नाही. बाबांनी नापास केला असता.

मध्यंतर. दिवे आहेत तोवर लिहिते. थिएटर निम्मं भरलंय. मागे दोन रेल्वेवाले शेंगा सोलतायत, पहिल्या खुनाला हसले. हाताच्या वेळीही एकजण म्हणाला, अरे, रबर आहे ते. पुढची बाई विणकाम करतेय, मान वर करत नाही.

म्हणजे वाचेन मी.

आणि खरं सांगते, वाईट वाटलं. रबर म्हणतो मेला.

दिवे गेले. अंधारात अदमासाने लिहितेय—

नीवेस जिना चढतेय. आता तो सुरीवाला दारामागे—हे अजून हसतायत—हसू देत, बाबांनो, हसा—

मुंडकं आलं. पापण्या—उजेड त्यांच्यावर किती छान—

शेंगा सोलायच्या थांबल्या.

विणणारीने वर पाहिलं. हात गळ्याशी नेला. मागचाही. सगळेच—

कुणी हसत नाही. कुणीच नाही. बाबा, चांगलं झा—