चांदमारीची दुर्बीण

जवळा बाजार,
दि. ९ मे २००३

आदरणीय धम्मानंद दाजी यांना सोनाजीचा मानाचा जयभीम. शिलाताईलाही सांगावा. आपले गुडघे, ताईचं पित्त आणि कळमनुरीतला तुमचा नळ यांची खुशाली कळवावी. आमच्याकडे सर्व ठीक आहे (हे मी पहिल्याच ओळीत लिहितो, ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे, पुढचं वाचून काय ते ठरवा).

पत्रास कारण आबा. यंदा धरण इतकं आटलंय की जुन्या गावाची जोती उघडी पडली. त्यांच्यामागचा मसणवटीचा उंचवटा आणि आज्जीच्या उशाला रोवलेला काळा दगडही वर आलाय, असं मासे धरणारे सांगतात. आज्जी वारली तेव्हा आबा पलटणीत होते. तार उशिरा मिळाली, रजा त्याहून उशिरा, आणि ते आले तोवर गावावर पाणी चढलेलं. आपल्या आईची जागा त्यांनी अजून एकदाही पाहिलेली नाही. गेल्या महिन्यात जेवता जेवता म्हणाले, "एकदा आईपाशी जाऊन यावं म्हन्तो." आता वय एकोणऐंशी. या काठाने नुसता गाळ, आणि पल्याडच्या कोरड्या वाटेने गेलं तर दीड कोस चालणं. मी म्हणालो, आबा, जायचं काहून? तुमच्याच दुर्बिणीतून इथूनच दाखवतो. त्यावर ते काही बोलले नाहीत. मी तो होकार धरला.

तुम्ही ती दुर्बीण लग्नात पाहिली असेल (नसेल, कारण आबा ती कुणाला दाखवत नसत). एका डोळ्याने बघायची, हातभर लांब, पितळी, तीन पायांची. चांदमारीला जवान गोळी झाडत आणि आबा हिच्यातून बघून ती कुठे लागली ते सांगत. पेन्शनीत निघताना त्यांनी ती लिलावात घेतली, आणि तेव्हापासून ती ट्रंकेत पडून. आत बघितलं तर काचांवर शिळ्या भाकरीसारखी बुरशी. आता वीस वर्षं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरणारा माणूस मी. एका नळीला काय घाबरणार? सगळी खोलली, आणि कुठला भाग कशानंतर हे चुकू नये म्हणून एकेक रिंग, एकेक काच ओळीने सुपात मांडून वर कापड टाकलं. इथवर माझी काही चूक असली तर दाखवा. मी दवाखान्यातून स्पिरिट आणायला गेलो आणि इकडे आमच्या सौ. चांगुणाने कुंपणापलीकडच्या जनकाबाईशी बोलता बोलता, न बघता, त्याच सुपात मापभर ज्वारी ओतून दोन हात पाखडली. तिचा हात किती साफ आहे ते तुम्ही जाणताच. स्क्रू एकीकडे, रिंगा दुसरीकडे, काचा कोंड्यात. काचा फुटल्या नाहीत, हे मी तिच्या बाजूने मुद्दाम नोंदवतो. तिचं म्हणणं, सूप हे सामान ठेवायची जागा न्हाई. मी वाद घातला नाही. (घातला. हरलो.)

मग अंदाजाने जोडली. पहिल्यांदा सगळं उलटं दिसू लागलं, झाडं वरून खाली लोंबकळणारी. तांड्यावरचा रतनसिंग आपली मोटार न्यायला आला होता, त्याने डोळा लावला आणि एवढंच विचारलं, "सोनाजी, माझी मोटार बी अशीच भरली का?" ते मनाला लागलं. आतली तिकोनी काच फिरवून जग सरळ केलं, तर रिंग ढिली. तिला मोटारीचं वार्निश लावून उन्हात वाळवली, तर ती अशी धरली की रतनसिंगाचा भाऊही फिरवू शकला नाही (तो टायर हाताने काढतो). शेवटी चांगुणाच्या पातेल्यात कढत पाणी करून दुर्बीण बुडवली. रिंग सुटली. थोडं पाणी आत गेलं असेल, पण पुसून घेतली.

गेल्या रविवारी आबांना एम-८०वर मागे बसवून धरणाच्या बांधावर नेलं. तिन्ही पाय रोवून नळी जुन्या गावावर धरली. आबांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि अर्धा तास हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "दिसली. दगड बी दिसला." तिथेच मातीत बसून त्यांनी हात जोडले. दाजी, मी आजवर शेकड्याने मोटारी चालू केल्या, पण त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते लिहायची मला लाज वाटत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढला तरी चालेल.
आपला,
सोनाजी

ता.क. निघताना मी स्वतः डोळा लावला. नुसतं पांढरं. दगड सोडा, धरणही नाही. वाफ आतच धरून राहिलीय. आबा माझं मन राखायला बोलले. तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत चहाच्या बशीच्या तळाएवढं भिंग असेल तर रुमालात गुंडाळून, मृग लागायच्या आत, गुपचूप आणावं. आबांना कळता कामा नये.

ता.क. दुसरा. घरातून जाणारं पत्र आबांना वाचून दाखवायची आमची रीत. मी वरचा ताजा कलम गाळून वाचलं. आबा म्हणाले, "तुझं पत्र ताजा कलमाबिगर कधी संपत न्हाई. वाच." वाचलं. मग म्हणाले, "काच नको मागू. दिवाळीपासून मला उजेडाबिगर काय बी दिसत न्हाई. तू येवढ्या हौसेनं खोलून राहिला व्हतास, कसं सांगावं?" सहा महिने एका घरात राहून मला हे कळलं नाही, दाजी. मी विचारलं, मग तिथं जाऊन तरी काय करता? म्हणाले, "दगडाला हात लावीन."

भिंग आणू नका. पल्याडची वाट कोरडी आहे, आबांना बाजेवर बसवून नेऊ. मी, रतनसिंग आणि त्याचा भाऊ असे तिघे झालो. रविवारी चौथे तुम्ही या.