आडवी फांदी

नवीन पनवेल,
२१ डिसेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. चारुताच्या बाळाचे, तुझ्या नातीचे फोटो पोचले. नाक थेट बापाचं, आपल्या सत्यजीतचं घेतलंय, बिचारी. वहिनींचे गुडघे कसे आहेत? फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र.

इकडे ठीक. पाय सुजलाय, पण हाड शाबूत आहे. लंगडत भाजी आणते. फार दमलेय मात्र, आणि हा शीण एकट्या पायाचा नाही.

मी राजमाचीहून डोंगराच्या धारेने भीमाशंकरला चालत निघाले होते हे तुला कळलंय. ‘साठीला आल्यावर कसली ही थेरं’ असं तू वहिनींना म्हणालास, हे मलाही कळलंय. आई गेल्यापासून पहाटे तिच्या खोकल्याची वाट बघत जागी व्हायचे. घर खायला उठायचं. म्हणून डोंगरात माणसं नेणाऱ्या, ओवे गावच्या दीपेशच्या गटात नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांच्या मागे पडले. शेवटाला चालायचं काम आभाचं, पण माझ्यामुळे तिचा खोळंबा नको म्हणून मीच तिला पुढे पिटाळलं. रानात वाट फुटते तिथे पुढची माणसं चुकीच्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकून जातात. इकडे येऊ नका, असा त्याचा अर्थ. दीपेशने सकाळीच सांगितलं होतं. मला फांदी दिसली. कुणाच्या पायात येईल म्हणून मी ती उचलली, नीट बाजूला ठेवली आणि त्याच वाटेने पुढे गेले.

हस. मीही नंतर हसले.

ती गुरांची वाट होती. करवंदीच्या जाळ्यांतून बरीच उतरली आणि कड्याशी संपली. मागे वळताना मुरमावर पाय सटकला आणि मी बसल्या बसल्या खाली घसरत गेले. कारवीची झुडपं हाती लागली, नाहीतर हे पत्र नसतं. पाण्याची बाटली दरीत गेली. हाका मारून घसा बसला, कुणी ओ देईना.

तेव्हा मनात पहिलं काय आलं सांगू? आईच्या औषधाची वेळ झाली. मग आठवलं, आई नाही. आता जगात कुणाचंच माझ्यावाचून अडलेलं नाही. भीती वाटायला हवी होती, दादा. मला हायसं वाटलं. झुडपाला पाय टेकवून मी डोळे मिटले. वाटलं, राहावं इथेच, उठायचं तरी कुणासाठी?

हे लिहिताना दोन कागद फाडले.

उठले ती तहानेने. चहा हवासा वाटला, आल्याचा, भरपूर साखर घातलेला. आईच्या मधुमेहामुळे आमच्याकडे बिनसाखरेचाच व्हायचा. तेवढ्या चहासाठी मी गुडघ्यांवर, कोपरांवर रांगत वर आले. वाटेत दीपेश आणि आभा शोधत येताना भेटले. तो पांढराफटक पडला होता.

“काकू, फांदी टाकली होती ना आमी. बघितली नाय काय तुमी?”

“बघितली. उचलून ठेवली.”

तो मटकन खाली बसला. “आवराया घर हाय काय ह्ये?” म्हणाला. भीमाशंकर राहिलंच. जवळच्या वाडीत उतरवून त्यांनी मला जीपने घरी धाडलं.

आता तुझं म्हणणं. इथलं घर बंद करून नागपूरला ये, वरची खोली रंगवून घेतलीय, बाळाला आणखी एक आजी मिळेल, वहिनींना हातभार होईल. तू मायेनेच म्हणतोस. मी एकटी कशी राहीन, ही काळजीही खरी आहे. डोंगरावर जाण्याआधी मी बॅगसुद्धा काढून ठेवली होती.

पण मी येणार नाही. त्या घरात पहिल्याच सकाळी मी वहिनींच्या आधी उठेन आणि मग मरेपर्यंत उठत राहीन. तुम्ही कुणी सांगणार नाही, माझं मीच करेन. त्या कड्याची वाटली नाही एवढी मला माझीच भीती वाटते.

बारशाला येईन. पाहुणी म्हणून येईन, आयतं जेवेन आणि परत माझ्या घरी येईन. तेवढ्यात मी उठून भांड्यांना हात लावलाच, तर दादा, तू मला खाली बसव.

तुझी, थकलेली पण धडधाकट,
सुमती