वैशूच्या हिरव्या बाटल्या

९ एप्रिल
शेवाळाची तिसरी बाटलीही गेली. काल हिरवीगार होती, आज फिक्क्या चहासारखी. तळाला गाळ, कुजका वास. आता एकच उरली.
शोभा म्हणाली, "टाका की ओतून. ज्याचं त्याला काही नाही." बोलून झाल्यावर स्वतःच आत निघून गेली.
बाटल्या वैशूच्या, आमच्या लेकीच्या. खाऱ्या पाण्याची टाकी, नारिंगी माशांची जोडी, सगळं तिचंच. दीड वर्षापूर्वी दिवाळीनंतर ती गेली, रोह्याला, संतोषबरोबर. तो कातकरी वाडीतला. जित्याला, आमच्या गावी, भावकीसमोर मी जे बोललो ते बोललो. तिचं नाव घरात घ्यायचं नाही हा नियम माझाच. बाटल्यांबद्दल नियम केला नव्हता. त्या रोज हलवतो.

११ एप्रिल
पाण्याचा संशय. मिठाची पिशवी संपली म्हणून मागच्या आठवड्यात धरमतरच्या खाडीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. तिथे बार्जेस लागतात, पाण्यावर तेलाचा तवंग. उकळलं, गाळलं, तरी काय उपयोग. सगळं ओतलं. मिठाची नवी पिशवी मागवली.

१४ एप्रिल
उरलेल्या बाटलीतलं अर्धं नव्या पाण्यात घातलं. खिडकीतून काढून ट्यूबखाली ठेवलं, ऊन फार झालंय.
वैशू शेवाळाला शेवाळ म्हणू द्यायची नाही. "बाबा, हे पीक आहे." हे पीक रोटिफर खातात, डोळ्याला जेमतेम ठिपके दिसतील एवढे जीव. आणि माशांची नुकती जन्मलेली पिल्लं या रोटिफरांवर जगतात. दुसरं काही त्यांच्या तोंडात मावत नाही. एक कडी तुटली की सगळंच...

१७ एप्रिल
सापडलं. भिंग लावून पाहिलं तर हिरव्या बाटलीत ठिपके पळतायत. रोटिफर शिरलेत, पीक फस्त करतायत. मी रोटिफरच्या बरणीत आणि हिरव्या बाटल्यांत एकच ड्रॉपर वापरत होतो. सत्तावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, पोरांना हेच ओरडून सांगायचो. म्हणजे खाडीचा दोष असेल-नसेल, हात माझाच.

१८ एप्रिल
मादीने अंडी घातली, टाकीतल्या कुंडीच्या कडेला नारिंगी ठिपक्यांचा पट्टा. आठ-दहा दिवसांत फुटतील. नर पंखांनी वारा घालत बसलाय, जागचा हलत नाही.

२० एप्रिल
शेवटची बाटलीही पांढरी. नव्या पाण्यात घातलेली अर्धीसुद्धा. रोटिफर सगळीकडे, आणि आता त्यांनाच खायला नाही.
शोभा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला विचारा. तिच्याकडे आहे."
"तुला काय माहीत?"
तिने पुढची जुडी ओढली. म्हणजे या दोघी बोलतात. किती दिवस, विचारलं नाही.

२२ एप्रिल
शोभाच्या फोनवरून तिला मेसेज केला. चार वेळा लिहून पुसला. शेवटी एवढंच: "पीक गेलं. विरजणापुरतं मिळेल का?"
तासाभराने उत्तर. "रविवारी या. संतोष स्टेशनवर येईल." बाबा लिहिलेलं नाही.

२६ एप्रिल, रविवार
रोहा. संतोष मोटारसायकल घेऊन उभा. नमस्कार केला. मी "चला" म्हटलं, वाटेत दुसरा शब्द नाही. वाडी नदीकाठाला. घर लहान, शेणाने सारवलेलं, मागच्या पडवीत ट्यूबखाली ओळीने सहा बाटल्या, हिरव्या. जाताना एक छोटी बाटली घेऊन गेली होती म्हणे. मला तेव्हा कळलंच नाही.
वै. खूप वाळलीय. पाणी दिलं. मग नुसतं बाटल्यांचं बोलली. "ड्रॉपर वेगळे ठेवा. आणि हे लगेच उपसू नका, आठ दिवस वाढू दे. आत्ता काढलंत तर हेही जाईल."
"अंडी फुटायला आलीत."
"मग ती पिल्लं जातील," ती म्हणाली. "काय करणार."
ती बाटली पुसायला आत गेली तेव्हा तिची सासू जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "सातव्या म्हयन्यात पोर गेलं तिचं. माघात. तुमाला कळवू म्हनलं, तं ती नको म्हनली."
मी हो म्हटलं. वै.ने बाटली कापडात गुंडाळून दिली. तिच्या हाताकडे बघितलं, तोंडाकडे बघवलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शोभाला विचारलं, तुला माहीत होतं?
"होतं. दोनदा जाऊन आले. तुम्हाला सांगितलं, मामीकडे जाते म्हणून."
"मला का नाही सांगितलंस?"
"तुम्हीच म्हणाला होतात ना, आम्हाला ती मेली. मेलेल्याच्या घरचं सुतक कोण सांगतं?"
माघात. तेव्हा मी काय करत होतो? ट्यूब बदलली होती बहुतेक.

२८ एप्रिल
सकाळी टाकीत पिल्लं. शेकड्यांनी, काचेच्या चुऱ्यासारखी. रोटिफर होते ते दिले, उपाशी आणि थोडेच. वै.ची बाटली शेजारीच, हिरवी. दोनदा झाकणाला हात लावला. उपसली नाही.

३० एप्रिल
एकही उरलं नाही. शोभाने पाहिलं, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली.

४ मे
बाटली गडद झालीय. एकीच्या दोन केल्या. दोन ड्रॉपर, दोन रंगांचे दोरे बांधून.

६ मे
आज स्वतःच्या फोनवरून वै.ला फोन केला. दुपारी, ती मोकळी असेल म्हणून. मुलगा होता की मुलगी विचारायचं होतं. मातीत कुठे ठेवलं विचारायचं होतं. माफी हा शब्द कागदावरसुद्धा लिहून ठेवला होता.
तिने उचलला. "हं, बोला."
मी म्हटलं, "बाटलीत हवा किती सोडू?"
ती म्हणाली, "सेकंदाला दोन बुडबुडे पुरे."
"बरं."
"अजून काही?"
मी नाही म्हटलं नाही. तिनेही फोन ठेवला नाही. मागे तिच्याकडे कुणी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला.