बिनगाठीचे मास्क

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सोसायटीच्या भोंग्यावरून पुकारा — ज्यांना शिवता येतं त्यांनी महिला मंडळाच्या खोलीत या, कापडी मास्क शिवायचेत, डोंगरापलीकडच्या वृद्धांच्या हॉस्पिटलला द्यायचेत. मी चहा अर्धा टाकून गेले. ताई आहे तिथे. कोरोनामुळे गुरुवारपासून भेटी बंद. तिथल्या नर्सा एकच मास्क तीन-तीन दिवस लावतायत, आणि म्हाताऱ्यांना तर तोही नाही!

आणि अध्यक्षीणबाई, छु म्योंग-जा, मला काय म्हणाली? "आजी, तुम्ही नुसतं कापून द्या हं. शिवू नका." का बरं? "तसं काही नाही हो... बायका जरा कुरकुरतात." मागून एक बोललीच — मढ्याचे कपडे शिवणारा हात, त्याचा मास्क तोंडाला कोण लावणार!

चाळीस वर्षं शिवले मी माणसाचे शेवटचे कपडे. याच बायकांच्या सासवा माझ्या हातचं घालून गेल्या. तेव्हा दारात आल्या होत्या — बारीक टाके घाला हं आजी, आमच्या सासूबाई फार चोखंदळ. तेव्हा हात चालला!

२५ फेब्रुवारी

दिवसभर कापलं. अंगठ्याला फोड. एकीनेही पाणी विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

उरलेलं कापड आणि इलॅस्टिक पिशवीत कोंबलं आणि सरळ घरी आले. छु म्योंग-जा मागून "आजी, अहो आजी!" करत राहिली. ओरड म्हटलं.

मला ताईला एक द्यायचाच आहे. माझ्या हातचा.

नववर्षाला भेटले तेव्हा भांडलो. ती म्हणाली, "बुन-नाम, सगळ्या देगू शहरासाठी शिवलंस तू. जिवंत माणसासाठी कधी काही शिवलंस? मला एक साधं जाकीट?" मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी अधिक महिन्यात तुझ्या शेवटच्या कपड्यांचा सगळा जोड शिवून ठेवलाय, चांगल्यातल्या तागाचा, तसा कुणाचाच नाही. अधिक महिन्यात शिवून ठेवलं की आयुष्य वाढतं, म्हणून तर शिवला! तर म्हणते, "आणि तो अंगावर कसा दिसतो ते मी बघणार आहे होय?"

उठले आणि निघाले. तिच्यासाठी नेलेली संत्री पिशवीतच राहिली, परत घेऊन आले. असला माझा राग. एक्क्याऐंशीची म्हातारी, तिच्यावर!

२८ फेब्रुवारी

मास्क मशिनवर, कानाचं इलॅस्टिक हाताने. बोटं अजून चालतात. ताईसाठी वेगळा काढला, जुन्या रजईच्या गुलाबी सुती खोळीचा. धुवून धुवून मऊ झालेलं कापड. आत तिच्या नावाची चिठ्ठी — ग्वाक सुन-दोक, खिडकीजवळची खाट.

२९ फेब्रुवारी, शनिवार

छु म्योंग-जा दारात! "आजी, शिवलेत ना? द्या. कमी पडतायत." आता बरी आली. चहा विचारला नाही. मास्क दिले, ताईचा सगळ्यात वर ठेवला आणि बजावलं, हा हरवला तर तुझ्या घरी येऊन बसेन.

३ मार्च, मंगळवार

ताईचा फोन! नर्सने धरून दिला.

"मिळाला. रंग काय गं हा? मी नवरी आहे का?"

"लाव गपचूप."

"लावलाय. नाकाशी चांगला बसतो."

चांगला म्हणाली. ताई! मला! दुपारी मुळ्याचं सूप केलं आणि दोन वाट्या भात खाल्ला.

६ मार्च, शुक्रवार

अंगाची आग झालीय. पिशवीभर मास्क परत आले. एकूणएक माझे! पहिल्याच धुण्यात कान सुटलेले. छु म्योंग-जाने सगळ्या बायकांसमोर ते टेबलावर ओतले. "आजी, वय झालं की होतं असं."

मी म्हटलं, तुम्हीच उसवलेत! माझा टाका चाळीस वर्षांत सुटला नाही. पहिल्या दिवसापासून तुमच्या पोटात दुखतंय! तिचं तोंड पांढरं पडलं. मला बरं वाटलं.

७ मार्च

चष्मा लावून एकेक बघितला. कुणी उसवलेला नाही.

गाठच नाही! एकालाही नाही.

शेवटच्या कपड्यांना गाठ मारत नाहीत. टाका मागेही फिरवायचा नाही. दोरा संपला की शेपूट तसंच सोडायचं, जाणाऱ्याचा पाय कुठे अडकू नये म्हणून. सासूने हातावर छडी मारून शिकवलं होतं. चाळीस वर्षं तेच केलं. हाताने मला विचारलंही नाही, जिवंत माणसाचं शिवतेयस की मेलेल्याचं.

आणि ताईलाही तसलाच पाठवला. मूर्ख बाई! मूर्ख, मूर्ख!

८ मार्च, रविवार

छु म्योंग-जाकडे जाऊन मान खाली घातली. म्हटलं — चूक माझी. ती म्हणाली, "आजी, आत या ना." गेले नाही. एवढंही नको.

सगळे परत शिवले. दर कोपऱ्याला गाठ. बोटं नकोच म्हणतात, दोरा सोडून देतात, प्रत्येक वेळी त्यांना दटावावं लागतं. ताईसाठीही दुसरा केला. पांढरा. उद्याच्या गाडीने जाईल.

९ मार्च, सोमवार

ताईला फोन. आवाज बसलाय. सर्दी असेल. म्हटलं, नवा पाठवलाय, तो लाव, गुलाबी टाकून दे.

"का?"

"गाठ मारायची राहिली. चुकून!"

हसायला लागली, खोकला येईस्तोवर. "बुन-नाम, तुझा हात काही सुधारायचा नाही."

"कान सुटले असतील ना?"

"एक सुटला होता. बघितलं मी काय ते."

"काय बघितलंस?"

"तुला काय करायचंय? तू तुझं शिव." आणि मग नेहमीचं तुणतुणं, "माझं काय, कपडे तयार आहेत. बोलावणं आलं की सुटले."

दर वेळी हेच! दहा वर्षं ऐकतेय. मी म्हटलं, मग जा की! वाट कुणाची बघतेस? आणि फोन आपटला.

११ मार्च

ताईला ताप. फोनवर देत नाहीत.

१४ मार्च, शनिवार

ताई गुरुवारी गेली. त्याच दिवशी जाळलं. कुणाला येऊ दिलं नाही, कपडे बदलू दिले नाहीत. तिचा जोड कपाटात आहे तसाच.

आज नर्सने फोन केला. रडत होती पोरगी. म्हणाली, गुलाबी मास्क तोंडावरच होता, मी काढला नाही. पांढरा तुमच्या ताईंनी पाकिटातून बाहेरही काढू दिला नाही. गुलाबीचा कान सुटला तेव्हा त्यांनी सुईदोरा मागितला. मी टाचून देते म्हटलं तर माझ्यावर ओरडल्या — गाठ मीच मारणार! अर्धा तास लागला. एकच कोपरा सुटला होता, पण चारही कोपऱ्यांना मारल्या. दोन-दोन.

ताईला जायचं नव्हतं.