मोठी चाकं आणि पौर्णिमेची खीर

रिचमंड हिल, सोमवार

आयुष्मान गुणवंतभाऊस,

पंचफुलाताईचा मनापासून जय भीम. तू कसा आहेस, राधाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, आणि तिला मालिका बघू देतोस की नाही ते कळव. (बघू दे. ऑपरेशन कशासाठी केलं मग?) आम्ही इकडे माझे गुडघे सोडून सगळे खुशाल. बर्फ संपला, कपिलने हिवाळ्याचे टायर काढून बेसमेंटमध्ये रचले. इथे माणसाला स्वेटर तसे गाडीला टायरचे दोन जोड लागतात, हे तुला मागे सांगितलंच होतं. पण यंदा मी जे पाहिलं, ते तू एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढूनही पाहिलं नसशील.

आपली यशोधरा, कपिलची थोरली, लंडनला हॉस्पिटलात कामाला आहे. (विलायतेतलं लंडन नाही रे, इथलंच, गाडीने दोन-अडीच तासांवर.) तिने एक जुनी अमेरिकन गाडी घेतली. जुनी म्हणजे किती, तर तू सातवीत नापास झालास त्या वर्षाची. (हे वाक्य राधाला वाचून दाखवू नकोस.) निळी, दोनच दारं, आणि नाक एवढं लांब की गाडी चौकात पोचते तरी आपण अजून शेजाऱ्याच्या घरासमोरच असतो. चालू केली की आमच्या फळीवरच्या वाट्या चालायला लागतात. पोरीने दोन वर्षं सुट्ट्या न घेता हौसेने घेतली, म्हणून कोणी काही बोललं नाही. मी तर खूशच झाले. आपल्या घरात एवढी मोठी निळी वस्तू कधी आलीच नव्हती.

मग तिने गाडीला मोठी चाकं बसवली. पंधरा इंचाची होती, तिथे अठरा इंचाची. मला वाटलं आता गाडी उंच होणार, माझे गुडघे, मी चढणार कशी? म्हणून आधी लाटणं लावून मडगार्डापर्यंतची उंची मोजून ठेवली होती. नवी चाकं बसल्यावर परत मोजली, तर लाटणं तिथल्या तिथेच! मी विचारलं, अगं, मोठी कुठे झाली? तर म्हणाली, आजी, चाक मोठं झालं पण रबर बारीक झालं, टोटल सेमच आहे. आता सांग भाऊ, चाक मोठं करायचं, टायर बारीक करायचा, आणि शेवटी होतं तेवढंच राहायचं, तर मधे एवढा खटाटोप काहून? तर म्हणे आतमध्ये मोठा ब्रेक बसतो. म्हणजे चाक मोठं केलं ते पळायला नाही, थांबायला. मी दोन दिवस विचार केला, मग सोडून दिला. रुंदीही वाढली म्हणे. टायर आणि मडगार्ड यांच्यात आता फक्त एक बोट जागा, तेही तिचं, माझं नाही. म्हणून तिने मला मागच्या सीटवर बसवून गल्लीतून तीन चकरा मारल्या, टायर घासतो का बघायला. नाही घासला. म्हणाली, आजी, यू आर परफेक्ट. सूनबाई रचना सव्वीस वर्षांत असं बोलली नाही.

आता मुद्द्यावर येते. यंदा बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा मान मला मिळाला होता. मंडळात सात वर्षं उत्कर्षाताईच करते, पातळ करते, पण बोलायचं कोणी? शेवटी मी स्वतःच बोलले, तर म्हणाली, मग तुम्हीच करा. एकशे वीस माणसांची खीर! इथे दूध आपल्यासारखंच पिशवीत मिळतं, चुलीवर आटवल्यासारखी आटवली, दोन मोठी पातेली भरली. कपिलच्या व्हॅनमध्ये मंडळाच्या खुर्च्या न् कर्णे, म्हणून पातेली गेली निळ्या गाडीच्या डिकीत आणि मी मागच्या सीटवर. (पुढे बस म्हणाली होती. पण साहेब मागेच बसतो, हे मी नागपूरला पाहिलंय.)

हायवेपर्यंत राणीसारखी गेले. मग रस्त्यात पहिला उंचवटा आला आणि मागून खर्रर्र! वळणावर परत खर्रर्र, आणि रबर जळाल्याचा वास. यशोधराचा चेहरा पडला. एका कॉफीच्या दुकानासमोर थांबवली, खाली वाकून बघते तर नव्या टायरचा काठ सोललेला. म्हणाली, आजी, इट्स द लोड, वजन कमी करावं लागेल, तुला उबर बोलावते. मी म्हटलं, माझ्या मानाच्या दिवशी मी भाड्याच्या गाडीतून उतरू? मग खीर उबरने पाठवते म्हणाली. खीर एकटी? अनोळखी माणसाबरोबर?

तर मी काय केलं, डिकी उघडली आणि तिथेच वाटायला बसले. दान ते दान, हॉलमध्ये काय न् रस्त्यावर काय! चाकं बघायला एक पांढऱ्या दाढीचा गोरा आला, त्याला दिली. त्याने आपले मित्र बोलावले. ते चाकांखाली मान घालून यशोधराला काहीबाही समजावत होते आणि मी वरून कागदी पेले देत होते. एक सरदारजी ट्रक थांबवून आला, म्हणाला, माताजी, थोड़ी और मिलेगी? तीनदा घेतली. एक पातेलं संपलं, दुसरं अर्धं झालं. मग निघालो, हळूहळू. तरी मधेच खर्रर्र होतंच होतं.

हॉलसमोर उतरले तेव्हा, भाऊ, सगळं मंडळ बाहेर आलं! फोटो काढले. उत्कर्षाताईने गाडीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि म्हणाली, एवढीच? प्रत्येकाला दोन-दोन चमचे आली. पण सगळ्यांनी चमचा चाटला. तिची खीर कधी कोणी चाटली नव्हती.

एवढं सगळं छान झालं, पण पोर मात्र उदास आहे. दुसऱ्या दिवशी मला एकटीला बसवून परत चकरा मारल्या, तरी घासलं. आधी नाही आणि आता का, तिलाही कळेना. शेवटी म्हणाली, चाकंच चुकली, पुढच्या महिन्यात काढून टाकते, जुनीच लावते. बोलताना गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती, मला बघवलं नाही. सर्वांना जय भीम, लहानांना पापा.

तुझी ताई,
पंचफुला

ता.क. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येईल. तू वर्कशॉपातला माणूस, तुझं ऐकेल. चाकं चांगली आहेत, काढू नको, म्हणून सांग. आणि आजीचं वजन वाढलेलं नाही, हेही सांग. सूनबाईने माझी संध्याकाळची भाकरी बंद केली आहे.

ता.ता.क. हे पत्र मंडळातल्या अनन्याच्या आईच्या हाती देते आहे, ती नागपूरला चालली आहे. घरात सगळ्यांच्या कानांदेखत फोनवर बोलता आलं नसतं, कारण आईचा पाटा-वरवंटा त्या गाडीच्या डिकीत आहे. खिरीबरोबर हॉलमध्ये ताजी चटणी वाटून सगळ्यांना गार करायचं होतं. कपिलने फरशी फुटल्यापासून पाट्याला हात लावायला बंदी केलीय, म्हणून आदल्या दिवशी शेजारच्या चिनी आजीने एक बाजू धरली आणि आम्ही तो गोधडीत गुंडाळून जादाच्या चाकामागे कोंबला. (तिला आपली भाषा येत नाही, म्हणून ती भरवशाची.) मग खिरीच्या गडबडीत विसरले, आणि आठवलं तेव्हा गाडी लंडनला पोचली होती.

म्हणून तू एवढंच म्हण, आधी डिकी रिकामी कर. पाटा निघाला की सांग, जुन्या अमेरिकन गाड्यांत तोल सांभाळायला असा दगड घालायचे. वरवंट्याचं काय सांगायचं, ते तू ठरव.