गाठोडे पुढे, मी मागून

शके १७१२, कार्तिक वद्य द्वितीया. सकाळ.
आज पक्के ठरले. मथुरेला समुद्र दाखवायचा. लग्नाला बारा वर्षे झाली आणि बारा वर्षे ती म्हणते आहे, अहो, एकदा समुद्र दाखवा. ती खडकवासल्याची, तिने पाणी पाहिले ते मुठेचे. हरिहरेश्वरास जायचे. जायला पाच दिवस, यायला पाच, समुद्रावर एक. एक पुष्कळ झाला.
मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. पण आजोबा कोकणातले, आणि वडिलांनी इतके वर्णन केले आहे की पाहिल्यासारखाच आहे. नारायण पेठेत सर्वांना, हिलासुद्धा, मी पाहिला आहे असेच ठाऊक आहे. यात खोटे असे काही नाही.

वद्य तृतीया.
त्या एका दिवसाचा बंदोबस्त कागदावर मांडला. पहिला प्रहर स्नान. दुसरा देवदर्शन, भोजन. तिसरा वाळूत बसून हिला भरती-ओहोटी समजावणे. शेवटी सूर्यास्त. त्याला अर्धी घटका ठेवली होती, वाढवून एक केली. कागद फार सुरेख उतरला. निम्मे काम झाले. राहिले किरकोळ: दफ्तरात आप्पासाहेबांकडे रजा मागणे.

वद्य पंचमी.
रजा मागितली नाही. आप्पासाहेबांना पडसे होते.
जोशीबुवा म्हणतात, उद्याचा मुहूर्त उत्तम.

वद्य षष्ठी. सूर्योदयानंतर दोन घटका.
मुहूर्त दवडला नाही! स्वतः निघणे होत नसेल तर प्रस्थान ठेवावे, ही पूर्वजांनी केवढी सोय करून ठेवली आहे. सुपारी, हळकुंड, तांदूळ, वर माझी शाल, असे गाठोडे बांधून पश्चिमेला दोन घरे सोडून तुळजाबाईंच्या ओसरीवर ठेवले. म्हणजे शास्त्राप्रमाणे मी निघालो. तीन दिवसांत मागोमाग जायचे. मी घरी येऊन पाटावर बसलो तर ही म्हणते, आपण निघालात ना, मग हा भात कुणाला वाढू? असले बोलणे हिने माहेराहून आणले आहे.

वद्य नवमी.
मुदत संपली. रजा मागणारच होतो, पण आप्पासाहेब आज हसत होते. हसऱ्या माणसाचा दिवस कशाला बिघडवा? दादामियाँ ठरल्याप्रमाणे दोन भाड्याची तट्टे घेऊन दाराशी आले आणि घेऊन परत गेले. हिने वाटेसाठी बांधलेले लाडू सोडून डब्यात भरले. 

वद्य त्रयोदशी.
चूक सापडली. गाठोडे फार जवळ होते, त्यामुळे ओढ लागत नव्हती. नवा मुहूर्त काढून ते नदीपलीकडच्या मळ्यात ठेवले. आता कसे जात नाही ते पाहतोच.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया.
गेलो नाही. आज आप्पासाहेबांनी आपण होऊन विचारले, यज्ञेश्वरपंत, काही म्हणायचंय का? मी म्हणालो, शाई संपली आहे. शाई संपली नव्हती. आता माझ्यापुढे दोन भरलेल्या दौती आहेत.
थंडी कडक. शाल गाठोड्यात. प्रस्थानातली वस्तू परत आणली तर अपशकुन, म्हणून कुडकुडत लिहितो आहे.

शुद्ध षष्ठी.
धाडसी निर्णय. गाठोडे थेट खडकवासल्याला, हिचा भाऊ दीनानाथ याच्या घरी धाडले. दादामियाँनी ते तट्टावर घातले आणि म्हणाले, पंत, तुमच्यापेक्षा हे बरं, उचललं की निघतं. मी दुर्लक्ष केले. कोकणाच्या इतक्या जवळ मी पूर्वी कधीच पोचलो नव्हतो.

शुद्ध नवमी. दुपार.
दीनानाथ आला. ओसरीवरचे गाठोडे पाहून सासूबाईंना वाटले जावईबापू निघालेच. त्यांनीही बांधाबांध केली. सगळे उद्या पहाटे निघणार, आपण चला, म्हणाला. मी म्हणालो, रजा. मथुरेने हळूच विचारले, मी जाऊ का?
नको म्हणणार होतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हो म्हणालो. उपरण्याने नाक पुसले, पडसे असावे. बंदोबस्ताचा कागद तिच्याबरोबर दिला. दिवस मावळायच्या आत ती भावाबरोबर गेलीसुद्धा.

शुद्ध दशमी.
घर खायला उठले. तिरीमिरीत गेलो आणि रजा मागितली. आप्पासाहेब मान वर न करता म्हणाले, जा की, कुणी धरून ठेवलंय? महिनाभर गेलात तरी इथं काही अडत नाही. रजा मिळाली याचा आनंद व्हायला हवा होता. ते अडत नाही हे शब्द मनाला फार लागले.
धावत दादामियाँकडे गेलो. तट्टे काल दीनानाथाने नेली.

शुद्ध चतुर्दशी.
रजेवर आहे. ओसरीवर बसून असतो. आज तिसऱ्या प्रहरी तिला भरती-ओहोटी कोण समजावत असेल?
हिशेब चुकला. ती उद्या पोचायची आहे.

मार्गशीर्ष वद्य सप्तमी. संध्याकाळ.
ही काल परत आली. उन्हाने रापली आहे, नाकाची साल निघाली आहे, आणि उगीच हसते. मला मात्र काहीच सांगितले नाही. म्हणाली, आपण पाहिलेलाच आहे.
आज तुळजाबाई आणि पेठेतल्या चार बायका समुद्राविषयी विचारायला आल्या. मी खाकरून, मांडी सावरून तयार झालो. त्या मला वळसा घालून आत हिच्याकडे गेल्या. आतून हिचा आवाज येऊ लागला. लाट मागे जाताना म्हणे पायाखालची वाळू ओढून नेते, आणि आपणच सरकतोय असे वाटते. हे वडिलांनी कधी सांगितले नव्हते. मी दाराआड जाऊन उभा राहिलो. ऐकता ऐकता तोंडातून निघून गेले, पाणी खरेच खारट लागते का हो?
कुणीतरी पदर तोंडाला लावून हसले. बारा वर्षांची अब्रू तिथेच गेली.
मग ही म्हणाली, फार खारट. आपण बाहेरच बसा, मी जरा मोठ्यानं सांगते.